जोडावरचे तेल

माझ्या मुलाने नातेवाइकांत जे पसरवले आहे ते असे: बाबांच्या हट्टापायी गाडी एकोणीस दिवस गॅरेजात पडून राहिली, गॅरेजवाल्याने पहिल्याच दिवशी दोष सांगितला होता, बाबांनी ऐकले नाही आणि आईचे नुकसान झाले. गॅरेजवाल्याचे म्हणणे निराळे. सायलेन्सरच्या जोडातून हवा शिरते हे आपल्याला आरंभापासून ठाऊक होते, असे तो आता गिऱ्हाइकांना सांगतो. मिरकरवाड्यातला मिस्त्री तिसरेच सांगतो. त्याच्या मते दोष मीच शोधला. या तिन्ही हकिगती चूक आहेत, आणि त्यांतली माझ्या बाजूची जी आहे ती सर्वांत अधिक चूक आहे. म्हणून हे लिहिणे भाग पडले.

मी चौतीस वर्षे मिरकरवाड्याच्या बंदरात बर्फाच्या कारखान्यावर यंत्रे सांभाळली. अमोनियाची गळती शोधण्यासाठी आम्ही गंधकात बुडवलेली वात पेटवून नळाच्या एकेका जोडापाशी धरत असू. गळती असेल तेथे दाट पांढरा धूर उठतो. माझ्या कारकिर्दीत एकही गळती दुसऱ्या दिवसापर्यंत टिकली नाही. हे सांगतो ते मोठेपणा मिरवण्यासाठी नाही. पुढे जे घडले त्याची लाज किती होती हे वाचणाऱ्याला कळावे, म्हणून.

गेल्या पावसाळ्याच्या तोंडावर माझ्या पत्नीला अर्धांगवायूचा झटका आला. उजवा हात गेला, उजवा पाय गेला आणि वाचा गेली. पाय थोडा परतला. वाचेसाठी शहरात एक बाई आहेत. ज्यांचे बोलणे गेले त्यांना त्या पुन्हा बोलायला शिकवतात. त्यांनी मला समोर बसवून सांगितले, "एक दिवसाआड आणा. खंड पडू देऊ नका. पहिल्या काही महिन्यांत जे येईल ते येईल. नंतर फार ओढून आणावं लागतं."

आमचे घर भाट्याच्या पुढे, जांभ्याच्या चढावर आहे. चढ उतरला की समुद्र, मग सुरूचे बन, मग माडांची रांग, मग खाडीवरचा पूल आणि पलीकडे शहर. हा रस्ता आम्ही दोघांनी चाळीस वर्षे केला आहे. झटक्यानंतरचा तिचा पहिला शब्द बाईंच्या खोलीत आला नाही, गाडीत आला. उतारावर मी ब्रेक जरा जोरात दाबला तेव्हा ती म्हणाली, "अहो." मी गाडी कडेला घेतली. कितीतरी वेळ मला पुन्हा सुरू करता आली नाही. त्यानंतर एकेक शब्द त्या रस्त्यावरच येत गेला. सुरू. माड. पूल. होडी. सिग्नलला थांबलो की डाव्या हाताने डॅशबोर्डवर थाप मारून "चला." दिवाळीपर्यंत बाईंच्या वहीत तेवीस शब्द झाले होते.

कोणी विचारेल, दुसऱ्या गाडीने का नेले नाही. विचारले आहेच, मुलाने विचारले, त्याच्या सासऱ्यांनी विचारले. रिक्षाने नेले होते. वळणावर तिचा तोल उजवीकडे गेला आणि ती माझ्या अंगावर कोसळली. त्यानंतर रिक्षा पाहिली की तिची मान हलू लागे. भाड्याच्या गाडीने दोनदा नेले. अनोळखी माणूस स्टिअरिंगवर बसला की ती ओठ आवळून घेई. पूल आला, पूल गेला. बाईंसमोरही तोंड उघडले नाही. आमच्या गाडीत पुढच्या सीटवर, डाव्या हाताशी, मी तिच्यासाठी पितळी कडी बसवली होती. ती कडी धरली की ती सावध होऊन बाहेर बघत असे, आणि बाहेर बघता बघता बोलत असे.

दिवाळीनंतरच्या आठवड्यात गाडीचा चेक इंजिनचा पिवळा दिवा लागला. गाडी चालायला उत्तम होती. पण प्रदूषणाच्या दाखल्याची मुदत संपत आली होती, आणि तपासणीत गाडी नापास झाली. दाखला नाही म्हणून विमा करणारा नूतनीकरण करेना, आणि विम्याचे दोनच दिवस उरले होते. मुलाचा डोंबिवलीहून फोन आला.

"बाबा, विमा संपल्यावर गाडी हलवायची नाही. आई बसलेली असते तुमच्याशेजारी. कबूल करा."

"कबूल," मी म्हणालो. विनापरवाना यंत्र मी नोकरीतही कधी चालवले नव्हते.

"आणि महिनाअखेरपर्यंत गाडी रस्त्यावर आली नाही तर मी आईला घेऊन जाणार. तुम्हीही चला. इथं लिफ्ट आहे, हॉस्पिटल समोर आहे, बोलायला शिकवणारेही आहेत."

"तिथे तिच्या ओळखीचं काय आहे?"

"मी आहे ना, बाबा."

पण तिचे शब्द कोठे राहतात हे मी पाहिले होते. ते डोंबिवलीत राहत नव्हते.

गाडी गॅरेजात नेली. गॅरेजवाला हुशार आहे. त्याची कुवत मी नाकारत नाही, त्याची स्मरणशक्ती नाकारतो. त्याने स्कॅनर लावला आणि मला पडदा दाखवला. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर म्हणजे इंजिनाला लागून असलेला लोखंडी डबा. आत मधाच्या पोळ्यासारखी जाळी असते आणि तिच्यातून जाताना विषारी धूर निवळतो. डब्याच्या अलीकडे एक सेन्सर, पलीकडे दुसरा. अलीकडच्याची रेघ सतत वरखाली नाचते. पलीकडच्याची संथ राहिली पाहिजे, कारण डब्याने आपले काम केलेले असते. आमच्या गाडीत पलीकडचीही नाचत होती. यावरून गाडीचा संगणक समजतो की डबा निकामी झाला.

"काका, कॅट गेला," गॅरेजवाला म्हणाला. "कोल्हापूरहून मागवतो. आठ-दहा दिवस धरा."

मी तपासणीची चिठ्ठी त्याच्यापुढे धरली. "डबा गेला असता तर यात कार्बन मोनॉक्साइड वाढलेला दिसला असता. तो हद्दीत आहे. नापास झाली ती हवेच्या आकड्यात. बाहेरची हवा आत शिरते आहे कुठून तरी, आणि ती तुमच्या मागच्या सेन्सरला फसवते आहे."

"म्हणजे स्कॅनर खोटं बोलतो?"

"स्कॅनर लक्षण सांगतो. रोग सांगत नाही."

"तुम्ही बर्फ करायचात ना, काका? मग जरा थंड घ्या."

हा संवाद झाला आहे. त्याने पहिल्या दिवशी दोष सांगितला हे मुलाचे म्हणणे या संवादापुढे टिकत नाही, आणि जोडाचे त्याला आरंभापासून ठाऊक होते हे त्याचे स्वतःचे म्हणणेही टिकत नाही. माझा तर्क बरोबर होता. एवढा दावा मी कोणासाठीही सोडणार नाही.

माझ्या आग्रहावरून त्याने दुसऱ्या दिवशी सायलेन्सरच्या मागच्या तोंडातून ब्लोअरने हवा भरली आणि पुढच्या जोडांवर साबणाचे पाणी सोडले. गाडी रात्रभर थंड झालेली होती. एक बुडबुडा आला नाही. त्याने माझ्याकडे पाहिले आणि साबणाची बादली माझ्या पायाशी आणून ठेवली. ते बोलण्यापेक्षा वाईट होते.

आता तिसरा दिवस. तो कोणाच्याच हकिगतीत नाही.

तिसऱ्या दिवशी गाडी वर उचललेली होती आणि गॅरेजवाला खालून टॉर्च मारत होता. "काका, हे काळं काय थापलंय सगळीकडे?"

"मुशीचे तेल."

मुशीच्या, म्हणजे लहान शार्क माशाच्या, काळजाचे तेल काढून ते लाकडी होड्यांना पावसाळ्यापूर्वी लावतात, हे बंदरावर वाढलेल्या कोणालाही सांगावे लागत नाही. होडी वर ओढायची, घासायची, वाळवायची आणि तेल पाजायचे. खाऱ्या हवेत लाकूड त्याने टिकते. पत्राही टिकतो असे माझे मत. दर वैशाखात मी गाडी उंचावर चढवून तिला खालून, कोपरान्‌कोपरा, ब्रशने मुशीचे तेल लावत आलो. चार दिवस गाडीला असा वास येई की माझी पत्नी नाकाला पदर लावून मागे बसे आणि म्हणे, "तुम्हाला बायको नको होती, होडी हवी होती." आमच्या शेजारपाजारच्या गाड्या पाच-सहा वर्षांत खालून चाळणी झाल्या. माझ्या गाडीच्या पत्र्याला टाचणीएवढे भोक नव्हते. लोक पाहायला येत.

"डब्यामागच्या जोडावर तर बोटभर जाड थर झालाय, भाजून दगड झालाय," गॅरेजवाला म्हणाला. "खरवडून काढू का? जोड उघडा करून बघू एकदा."

"हात लावायचा नाही," मी म्हणालो.

"अहो काका, फक्त जोडापुरतं."

"एकदा थर मोडला की तिथूनच गंज शिरतो. बारा वर्षं राखलंय मी. दुसरीकडे बघा."

तो हसला, खांदे उडवले आणि टॉर्च बंद केला. हा प्रसंग तो विसरला आहे. विसरला नसता तर माझ्याविरुद्ध सांगायला त्याच्यापाशी याहून चांगले काही नव्हते. मुलाला हा प्रसंग माहीत नाही. मला माहीत आहे.

पुढचे दिवस मी दुसरीकडे बघण्यात घालवले. मागचा सेन्सर बदलला. रेघ नाचतच राहिली. तारा तपासल्या. इंजिनाच्या वरच्या बाजूचे रबरी नळ तपासले. रोज सकाळी शेजारणीला घरी बसवून मी बसने शहरात येई. उदबत्ती पेटवून मी स्वतः गाडीखाली पाठीवर सरपटलो आणि वातीसारखी ती प्रत्येक जोडापाशी धरली. धूर सरळ वर गेला. सकाळची वेळ, इंजिन नुकतेच सुरू केलेले, लोखंड थंड. तापलेल्या जोडाची आणि थंड जोडाची वागणूक वेगळी असते हे मी कारखान्यात नव्या माणसांना शिकवत होतो. माझ्या गाडीखाली ते मला सुचले नाही. खरे सांगायचे तर त्या थराकडे संशयाने पाहणे माझ्याकडून होत नव्हते.

घरी मी तिला पडवीत खुर्चीवर बसवी आणि समोरच्या माडाकडे बोट दाखवी. "हा कोण?" ती माडाकडे न बघता माझ्या बोटाकडे बघे. पहिल्या आठवड्यात ती "अहो" म्हणत होती. बाराव्या दिवशी मी स्वयंपाकघरात होतो, आणि तिने हाक मारली नाही; स्टीलचा पेला पलंगाच्या दांडीवर आपटला. मी धावत गेलो. तिला पाणी हवे होते. पाणी प्यायली आणि पेला पुन्हा हातात घट्ट धरून बसली, पुढच्या वेळेसाठी.

त्या दिवशी मी देवापुढे उभा राहिलो नाही, कारण काय मागायचे ते माझे मलाच ठरवता येत नव्हते. माझा तर्क बरोबर ठरावा असे मागायचे, की चूक ठरावा असे?

चौदाव्या दिवशी मी गॅरेजवाल्याला म्हणालो, "मागवा तो डबा."

"आता सांगता?" तो म्हणाला. आवाज चढवला नाही. "तेव्हाच मागवला असता तर एव्हाना लागला असता, काका. आता दहा दिवस."

महिनाअखेरीला आठ दिवस होते.

तेथून मी चालत मिरकरवाड्याला गेलो. जेटीवर लिलाव चालू होता. बर्फाच्या गाड्या, टोपल्या, आरडाओरडा. निवृत्तीनंतर मी त्या बाजूला फारसा फिरकत नसे. ज्या जागी आपला शब्द शेवटचा होता तेथे रिकाम्या हातांनी जाणे मला जमत नाही. ट्रॉलरच्या इंजिनांचा मिस्त्री एका बोटीच्या पोटात कमरेपर्यंत उतरलेला होता. वयाने माझ्याहून दहा वर्षांनी लहान. कारखान्याच्या काळापासून मला साहेब म्हणतो.

"साहेब, इकडं कुठं? बर्फ संपला काय घरातला?"

मी त्याला सर्व सांगितले. तिसऱ्या दिवसाचे तेवढे सांगितले नाही.

"ही बोट अडकलीय," तो म्हणाला. "मालक माझ्या उरावर बसलाय. ही सुटली की येतो."

मी तीन दिवस रोज जेटीवर जाऊन बसलो. भीक मागणाऱ्या माणसासारखा बसलो, असे आमच्या एका नातेवाइकाने पाहिले आणि मुलाला कळवले. ते मात्र खरे आहे.

अठराव्या दिवशी दुपारी मिस्त्री स्कूटरवरून गॅरेजात आला. त्याने स्कॅनर मागितला नाही. "गाडी चालू करा आणि पंखा फिरेपर्यंत चालू ठेवा," म्हणाला. पंधरा-वीस मिनिटे आम्ही तिघे पंख्याकडे कान लावून उभे होतो. मग तो वाकला, आणि मी जे बारा वर्षांत केले नव्हते ते त्याने केले. त्याने वास घेतला.

"मुशीचं तेल जळतंय." तो गाडीखाली गेला आणि तेथूनच बोलला. "साहेब, सायलेन्सरला पण लावलंत?"

"सगळीकडे लावतो."

"आम्ही बोटीला लावतो ओ. बोटीच्या सायलेन्सरला आम्ही पण लावीत नाय."

गॅरेजवाला हसला नाही. हसला असता तर मला बरे वाटले असते.

मिस्त्रीने छिन्नी मागितली. ती मीच फळीवरून काढून दिली. तीन ठोक्यांत थराचा तुकडा निघाला. त्याच्या आतल्या बाजूला काजळीची पिसाऱ्यासारखी फाकलेली रेघ होती, आणि उघड्या झालेल्या जोडावर, नळीच्या बाजूच्या कड्याला, नखाएवढी भेग. तिच्यातून फुसफुस ऐकू आली. मी उदबत्ती धरली. धूर एकदा बाहेर फेकला गेला, एकदा आत ओढला गेला, पुन्हा बाहेर, पुन्हा आत. लोखंड तापले की भेग उघडत होती, थंड झाले की मिटत होती आणि वर माझे तेल तिला झाकत होते. काजळी बाहेर दिसली असती तर पहिल्याच दिवशी कोणालाही दोष कळला असता. भेगेतून शिरणारी हवा थेट मागच्या सेन्सरवर जात होती. डबा धडधाकट होता.

"बघा, साहेब बोलत होते तेच निघालं," मिस्त्री गॅरेजवाल्याला म्हणाला. "हवाच शिरत होती. माणूस जुना आहे."

तो हे माझ्यावरच्या मायेने बोलला, आणि आजही जेटीवर तसेच सांगतो. मी त्या वेळी त्याला अडवले नाही. येथे अडवतो.

भेग नळीच्या बाजूला होती. नवा डबा आणून त्याच तुटक्या कड्याला जोडला असता तर दोष तसाच राहिला असता. तेव्हा मुलाचा कन्व्हर्टरचा मुद्दा तांत्रिकदृष्ट्या चूक आहे. मी त्याला हे फोनवर समजावले.

"नळी काढली असती ना, बाबा, डबा बदलताना?" तो म्हणाला. "तेव्हा दिसलंच असतं की."

मी फोन ठेवला. गॅरेजवाल्याचे कारण चूक होते आणि तरी भेग त्याला दिसली असती.

एकोणिसाव्या दिवशी नळी उतरवून भेग झाळली, नवे गॅस्केट बसवले, स्कॅनर लावून पिवळा दिवा घालवला. गॅरेजवाल्याने विनाविमा गाडी आपल्या टोइंगवाल्याकडून तपासणीला नेली. ती उत्तीर्ण झाली. संध्याकाळी विमा झाला. मागच्या सेन्सरची रेघ खाडीच्या भरतीनंतरच्या पाण्यासारखी संथ होती. मी ती बराच वेळ पाहत राहिलो.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तिला पुढच्या सीटवर बसवले आणि कडी हातात दिली. तिने धरली. उतार आला, मी मुद्दाम ब्रेक जोरात दाबला. ती माझ्याकडे वळली, ओठ हलले, आवाज आला नाही. सुरूचे बन गेले. माड गेले. पुलावर मी गाडी अगदी हळू केली, मागचे हॉर्न वाजवत राहिले. ती पाण्याकडे पाहत होती.

बाईंनी तिला चित्रे दाखवली आणि वही उघडली. तेवीसांपैकी नऊ शब्द उरले होते. "अहो" त्यांत नव्हता. बाई मला दोष देत नव्हत्या, त्या म्हणाल्या, "असं होतं कधी कधी. पुन्हा सुरुवात करू." मुलगाही तेच म्हणतो. त्याने मुंबईच्या डॉक्टरांना विचारले. मधल्या दिवसांत दुसरा बारीक झटका येऊन गेला असेल, शब्द तसेही गेले असते, असे ते म्हणाले म्हणे. ही चौथी हकिगत. सर्वांत दयाळू, आणि मला वापरायला सर्वांत सोयीची. मी ती स्वीकारत नाही. पहिल्या आठवड्यात तिच्याकडे "अहो" होता, आणि तिसऱ्या दिवशी एक माणूस थर खरवडायला तयार उभा होता.

मुलाने शिमग्यापर्यंत मुदत वाढवली आहे. पालखीला येईन, तेव्हा बघू, म्हणाला. शिमगा आता तोंडावर आहे. शब्द चौदा झाले आहेत. या वर्षी वैशाखात मी तेल लावणार नाही. गाडी गंजली तर गंजो, तोवर आम्ही येथे असलो तर.

आम्ही एक दिवसाआड जातो. पूल आला की मी स्वतः मोठ्याने "पूल" म्हणतो आणि वाट पाहतो. काल मी पुलाच्या मध्यावर जवळजवळ थांबलोच. मागे वाहनांची रांग लागली, कोणीतरी शिवी दिली. तिने रांगेकडे पाहिले, माझ्याकडे पाहिले आणि डाव्या हाताने डॅशबोर्डवर दोनदा थाप मारली. मी आणखी थोडा थांबलो. थापेबरोबर पूर्वी एक शब्द येत असे. तिने पुन्हा थाप मारली, या वेळी जोराने, आणि मी गाडी पुढे घेतली.